कच्चा लिंबू नको

बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका छात्राध्यापिकेचं पाठ टाचण माझ्यापुढे आहे. घटक – चेंडूफेक. साहित्य – रबरी चेंडू, शिट्टी, फक्की. आधी वॉर्म-अप, मग प्रात्यक्षिक, मग चार रांगा करून सराव, शेवटी एक छोटा खेळ आणि विसर्जन. अक्षर सुरेख, रकाने चोख भरलेले, खाली प्राध्यापकांची लाल सही. मुलगी सातारा जिल्ह्यातली, कबड्डीत विद्यापीठाच्या संघात खेळलेली. सराव पाठांसाठी तिच्या सोबत्यांना नेहमीची हायस्कुलं मिळाली, तिच्या वाट्याला तालुक्याच्या गावातली विशेष मुलांची शाळा आली. या लेखासाठी मी तिच्याबरोबर त्या शाळेत जाऊ लागले. शाळेचं, तिचं आणि मुलांचं नाव देणार नाही. मुलांच्या फायलींतल्या गोष्टी इथे येणार आहेत आणि त्या त्यांच्या खाजगी आहेत.

पहिल्या पाठाला बारा मुलं होती. तिघांना सेरेब्रल पाल्सी, चौघांना डाउन सिंड्रोम, तिघं स्वमग्न, एकीला स्पायना बिफिडा म्हणजे जन्मतःच मणक्याचा दोष, आणि एकाची दृष्टी अगदी अधू. तिनं शिट्टी वाजवली तसा एक स्वमग्न मुलगा दोन्ही कान दाबून व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो तास संपेपर्यंत उठला नाही. रांगा काही झाल्या नाहीत. व्हीलचेअरवरच्या मुलाला पुढे घ्यायला गेली तर चाकं मुरमात रुतली. ‘सावधान’ म्हटल्यावर दोघी खदखदून हसल्या आणि तिसरी येऊन तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. चेंडू चार-पाच हातांतून फिरला तोवर घंटा झाली.

‘‘बाई, माझं कुठे चुकलं?’’ तिनं तिथल्या ज्येष्ठ विशेष शिक्षिकेला विचारलं.

‘‘तू मुलांना बघायच्या आधी टाचण लिहिलंस गं. आता दोन-चार दिवस काही शिकवू नकोस. नुसती बस आणि बघ. कोण कुठल्या हातानं डबा उघडतं, कोणाला हाक मारल्यावर वळायला किती वेळ लागतो, कोण कशाला घाबरतं, ते लिहून काढ.’’

तिनं वही घातली. त्या वहीतल्या नोंदी मी वाचल्या आहेत. ‘हाक मारल्यावर लगेच बघत नाही, पण मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबलं की बघतो. मधेच पुन्हा हाक मारली तर गोंधळतो.’ ‘बाकावरून उठताना डावा हात टेकवते, उजवा पोटाशी.’ ‘मैदानावर यायला तयार नसतो, पण पायऱ्यांवर पट्टी ओढत आवाज काढायला आवडतं.’ क्रीडाशिक्षकाला खेळाडूचं शरीर वाचता यावं लागतंच. कबड्डीपटूला चढाईवाल्याच्या खांद्यावरून त्याचा पुढचा पाय कळतो. तीच नजर इथे लागत होती, फक्त जास्त सावकाश.

पुस्तकात या विषयाला अनुकूलित शारीरिक शिक्षण म्हणतात. ब्रिटनमधल्या क्रीडाशिक्षकांनी त्यासाठी एक सोपी चौकट बसवली आहे. जागा, कृती, साहित्य आणि माणसं या चारांतलं एक काहीतरी बदलून बघायचं, जमलं नाही तर दुसरं. मैदान लहान करा, चेंडू मोठा किंवा मऊ घ्या, उभ्यानं करायची गोष्ट बसून करा, एकट्यानं करायची जोडीनं करा. मुलाला आहे तिथून थोडं पुढे नेणारा बदल हवा. अजिबात प्रयत्न करावा लागू नये इतका सोपा केलेला खेळ कोणालाच आवडत नाही.

शिट्टी गेली, तिच्या जागी डफ आला. रांगेत उभं राहायचं म्हणजे आपली पाळी येईतो थांबायचं, आणि या मुलांना तेच सर्वांत अवघड. म्हणून प्रत्येकाला बसायला-उभं राहायला जुन्या रबरी चटईचा कापलेला एकेक गोल तुकडा मिळाला आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही साहित्य. स्वमग्न मुलांसाठी तासाचा क्रम चित्रांच्या कार्डांवर भिंतीला लागला: आधी चालणं, मग चेंडू, मग पाणी. एक काम झालं की ते कार्ड उलटं करायचं. कोपऱ्यात जाऊन बसणारा मुलगा कार्डं उलटायला येऊ लागला आणि त्या निमित्तानं मैदानात थांबू लागला.

चेंडूफेकीचं मात्र मला जवळून पाहायचं होतं, कारण मूळ टाचण त्याचंच होतं. व्हीलचेअरवरचा तो मुलगा अकरा वर्षांचा, हुशार, बोलणं जड पण विनोदी. ती टोपली घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, ‘टाक!’ तो टोपलीकडे बघायचा आणि चेंडू धरलेला उजवा हात छातीशी आणखीच दुमडला जायचा. ती मोठ्यानं प्रोत्साहन द्यायची, तसा तो अधिकच ताठ व्हायचा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या फिजिओ मॅडमनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तू चुकीच्या बाजूला उभी आहेस.’’

नवजात बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसऱ्या बाजूचा कोपरात दुमडतो. ही उपजत प्रतिक्षिप्त क्रिया साधारण सहा महिन्यांत मावळते. सेरेब्रल पाल्सीत पुष्कळदा ती मावळत नाही. म्हणजे हा मुलगा डावीकडे बघायचा तेव्हा उजवा हात त्याच्या मनाविरुद्ध आखडत होता. लक्ष्याकडे बघणं आणि फेकणं या दोन गोष्टी त्याच्या शरीरात एकमेकींच्या आड येत होत्या. त्यात आरडाओरडा आणि घाई झाली की ताठरपणा वाढतो. टोपली बरोबर समोर, नाकाच्या रेषेत आली. पाय पाटावर टेकवले, कमरेला पट्टा लावला. रबरी चेंडूऐवजी मोज्यांचा चेंडू दिला, कारण तो पकडायला सोपा. उरला प्रश्न सोडण्याचा. बोटं मिटलेली, ती उघडेनात. मॅडमनी त्याचं मनगट हलकेच खाली वाकवलं आणि बोटं सैल पडली. ‘‘मनगट खाली, मग सोड,’’ एवढंच वाक्य ती त्याला हळू आवाजात सांगत राहिली. आधी हात धरून करून घेतलं, मग नुसता मनगटाला स्पर्श, मग खूण, मग काहीच नाही. मोज्यांचा चेंडू टोपलीत पडला तेव्हा मुलगा टोपलीपासून जेमतेम हातभर लांब होता. पुढच्या वेळी टोपली वीतभर मागे सरकली.

दुसऱ्या एका मुलीच्या बोटांत तेवढीही पकड नव्हती. तिच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा पाइप आणून उभा चिरला, त्याची घसरगुंडी झाली. दिशा तिनं डोळ्यांनी दाखवायची, मदतनीसानं पाइप तिकडे वळवायचा, चेंडू तिनं हनुवटीनं ढकलायचा. हा जुगाड वाटेल, पण या खेळाला बोचिया म्हणतात आणि तो 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद कोर्ट, सहा लाल चेंडू, सहा निळे आणि एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळात जवळ आपला चेंडू नेणारा जिंकतो. हातापायांवर ताबा अगदी कमी असलेल्या खेळाडूंचा त्यात स्वतंत्र गट असतो. तेही अशाच उतरत्या पन्हाळीवरून खेळतात आणि त्यांच्या मदतनीसाला कोर्टाकडे पाठ करून बसावं लागतं. डावपेच सर्वस्वी खेळाडूचे.

या कामात माया लागते तशी माहितीही लागते, आणि माहिती नसेल तर माया घात करू शकते. तिच्या दुसऱ्या टाचणात कोलांटउडी होती. डाउन सिंड्रोमच्या मुलींची अंगं कमालीची लवचीक, त्यांना छान जमेल असा तिचा अंदाज. शाळेच्या बाईंनी ते पान वाचलं आणि आधी फायली काढायला लावल्या. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू आणि सांधे बांधणारे बंध सैल असतात. काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधाही सैल असतो. अशा मुलाची मान जोरात दुमडली गेली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दिल्याशिवाय कोलांटउडी नाही, सूर मारणं नाही. फुग्यांचा खेळ ठरला होता, तोही बदलला: स्पायना बिफिडाच्या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते आणि साधा फुगा लॅटेक्सचाच असतो. त्याऐवजी प्लॅस्टिकचा हवेचा चेंडू आला. स्नायूंची झीज होणाऱ्या मुलाला दमेपर्यंत व्यायाम दिला तर फायद्याऐवजी नुकसान होतं. पडद्याचा विकार असलेल्या अधू दृष्टीच्या मुलाला डोक्याला हिसका बसेल असे खेळ चालत नाहीत. ही यादी पाठ करून भागत नाही, कारण प्रत्येक मुलाची ती वेगळी असते. मुलाची फाइल वाचायची, आईला विचारायचं, फिजिओला विचारायचं आणि मग टाचण लिहायचं. या शाळेत हा क्रम कोणी मोडत नाही.

या विद्येचा बराचसा भाग लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांनी जगाला दिला. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकाला पलंगावर पडून राहण्यावाचून भवितव्य नाही असं मानलं जाई. जर्मनीतून आश्रयाला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथं अशा रुग्णांचा विभाग चालवत. त्यांनी रुग्णांना खाटेवरून उठवून खेळायला लावलं. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच 1960 मध्ये रोमला पॅरालिम्पिक उभं राहिलं. आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये गोलबॉल निघाला, तो आज घुंगरांच्या सव्वा किलोच्या चेंडूनं खेळतात.

आणि आपले मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करात जवान, मुष्टियोद्धे. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पार केलं: विश्वविक्रम आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं आणि पुष्कळ मराठी घरांत त्यांचं नाव पोचायला 2024 मधला सिनेमा यावा लागला. ज्या राज्यातल्या माणसानं हे करून दाखवलं, तिथल्या शाळांत आजही पायात कॅलिपर असलेल्या मुलाला पीटीच्या तासाला बसवून ठेवतात, याचा मला राग येतो.

आपल्या गल्लीतल्या खेळांत धाकट्या भावंडाला घ्यावंच लागलं की त्याला कच्चा लिंबू करतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पण पकडला गेला तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लहानग्याला त्यात मजा वाटते, कारण वर्ष-दोन वर्षांत आपण पक्के होणार हे त्याला ठाऊक असतं. दिव्यांग मुलाला मात्र आपण जन्मभराचा कच्चा लिंबू करून ठेवतो. स्नेहसंमेलनात त्याची स्वतंत्र शर्यत, सगळ्यांना पहिला नंबर, सगळ्यांना तेच पदक.

अंध क्रिकेटचे नियम या दृष्टीनं वाचण्यासारखे आहेत. आत छर्रे असलेला, वाजणारा प्लॅस्टिकचा चेंडू. गोलंदाजी खालून, आणि चेंडूचा पहिला टप्पा खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध हवेत आणि त्यांनी काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. पण ते त्रिफळाचीत होतात, झेलबाद होतात, धावबाद होतात. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, तिसरा पडला की गुण गेला. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी 1.15 मीटरवर असते, पण फटका मारताना बूड जमिनीवरून उचललं तर चूक. नियम बदलले, पण नियम आहेत. हरणं शक्य आहे म्हणून जिंकण्याला किंमत आहे.

तिनं लगोरी घेतली तेव्हा हा प्रश्न समोर आला. सात टिकऱ्यांऐवजी सात पुठ्ठ्याची खोकी, वर चमकदार पिवळा कागद, अधू दृष्टीच्या मुलाला दिसावा म्हणून. फेकायची रेघ प्रत्येकाची वेगळी, फक्कीऐवजी सुतळी टाकून त्यावर चिकटपट्टी मारलेली, म्हणजे पायालाही कळावी. मारायला स्पंजाचा चेंडू. व्हीलचेअरवरचा मुलगा एका संघाचा कप्तान. डाउन सिंड्रोमची एक मुलगी, शाळेची लाडकी, खोकी रचायला धावली आणि तिच्या पाठीत चेंडू बसला. ती तशीच खोकी रचत राहिली. सगळ्यांनी छात्राध्यापिकेकडे पाहिलं.

‘‘बाद,’’ ती म्हणाली.

‘‘मी?’’ मुलीचा विश्वास बसेना. ती चिडली, मैदानातून निघून गेली, पायरीवर तोंड फिरवून बसली. शाळेतल्या मावशी तिला समजवायला निघाल्या, बाईंनी त्यांना थांबवलं. डाव पुढे चालला. थोड्या वेळानं मुलगी आपणहून परत आली आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर ज्या मुलानं तिला मारलं होतं त्याच्यावर चेंडू ताणला. नेम चुकला, पण त्या दिवसापासून ती चेंडू चुकवायला शिकली. पाठीमागे बघत पळणं हे कौशल्य तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, कारण तिला कधी कोणी बादच केलं नव्हतं.

आपल्या परंपरेत यासाठी भरपूर सामग्री पडून आहे. लेझमीचा ठेका न बघताही पकडता येतो. मल्लखांबात खांब जागचा हलत नाही, आणि पकड, आढी, सुटका हे सगळं स्पर्शानं कळतं. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलांना मल्लखांब शिकवला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरच्या कांचनमाला पांडे जन्मांध. 2017 मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा-जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळा 16.32 मीटर फेकून रौप्य मिळवलं. अशी माणसं निघतात ती कुठेतरी कोणीतरी मैदानात घेतलं म्हणून.

खरी गैरसोय विशेष शाळांत नाही, ती नेहमीच्या शाळांत आहे. तिथे दिव्यांग मूल वर्गात बसतं, परीक्षा देतं, आणि पीटीच्या तासाला बाटल्या सांभाळतं. चांगल्या मनानं दिलेली ही सूट असते. पालक डॉक्टरांचा दाखला आणतात, सर सुटकेचा श्वास सोडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संमत झाला. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. या कायद्याच्या 16व्या कलमात शाळांची कर्तव्यं सांगताना पहिल्याच मुद्द्यात भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं म्हटलं आहे. अमेरिकेनं 1975च्या कायद्यात विशेष शिक्षणाची व्याख्या करताना शारीरिक शिक्षणाचा नाव घेऊन समावेश केला. गणित-भाषेला तो मान नव्हता. आपल्याकडे तरतूद आली, मैदानावर ती अजून पोचायची आहे.

क्रीडाशिक्षक म्हणतात, साठ मुलं, एक मैदान, तेही मुरमाचं, आणि हाताशी कोणी नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यांना हे शिकवलंय कोणी? या छात्राध्यापिकेच्या कॉलेजात हा विषय लेखी पेपरातल्या एका घटकापुरता आहे. तिच्या सराव पाठांचा तपासणी तक्ता मी पाहिला. त्यात पोशाखाला गुण आहेत, शिट्टीला आहेत, आज्ञेच्या आवाजाला आहेत, रचनेला आहेत. तासात किती मुलांच्या हाताला चेंडू लागला, याचा रकाना नाही. तो घालायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक बी.पी.एड. विद्यार्थ्याचे काही सराव पाठ विशेष शाळेत सक्तीचे करायलाही फार खर्च येणार नाही. जवळपास अशी शाळा नसेल, तर ज्या हायस्कुलात तो जातो तिथे बाटल्या सांभाळणारं मूल असतंच. त्याच्यासाठी एक पाठ लिहायचा. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांना बसून चेंडू पास करायला लावला तर कॅलिपरवाला मुलगा आणि धावपटू एका पातळीवर येतात, आणि धावपटूलाही हात कसे वापरायचे ते नव्यानं कळतं.

परीक्षक आले तेव्हा तिनं बोचियाचा तास घेतला. ‘रचना’ या रकान्यात तिला कमी गुण मिळाले.

तास संपल्यावर एक आई भेटायला आल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, स्प्लिंट लावून चालणाऱ्या मुलाच्या. हातात दाखला होता: खेळातून सूट द्यावी. मुलगा जूनपासून गावातल्या नेहमीच्या शाळेत जाणार, तिथे द्यायची एक प्रत आणि इथे एक. छात्राध्यापिकेनं दाखला वाचला आणि त्यांना बाकावर बसवलं.

‘‘मॅडम, तो पडला तर?’’

‘‘पडेल ना, ताई. गादीवर रोज पडायलाच शिकवतोय त्याला. हात पुढे कसे टेकायचे, अंग कसं सैल सोडायचं, आणि धरून न उठवता एकट्यानं कसं उठायचं. मागच्या आठवड्यापासून उठतोय तो.’’

आई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, की नव्या शाळेच्या सरांना हे सगळं कोण सांगणार. तिनं वहीतली दोन पानं फाडून दिली: मुलाला काय जमतं, काय नको, कशानं दमतो, कुठला खेळ आवडतो. फिजिओ मॅडमचा फोन नंबर खाली लिहिला.

‘‘आणि बूट? शाळेचे काळे बूट त्या स्प्लिंटवर चढतच नाहीत.’’

‘‘एक नंबर मोठे घ्या. आतली पातळ गादी काढून टाका. तोंड रुंद उघडणारे, लेसऐवजी वेल्क्रोचे. पांढरे मिळाले तर पीटीला चालतील, काळेच हवे असतील तर मी शाळेला पत्र देते. दुकानात जाताना स्प्लिंट लावूनच न्या त्याला. संध्याकाळी न्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा माप बरोबर येतं.’’

‘‘कितीला पडतील?’’ आईंनी विचारलं आणि दाखला घडी करून पिशवीत ठेवला.